ढगाच्या माथ्यावर २४५ निळे लखलखाट : बंगालच्या उपसागरावरील एका रात्रीचे प्रकरण

८ सप्टेंबर २०१५. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ताशी सुमारे २७,६०० किलोमीटर वेगाने बंगालच्या उपसागरावरून चालले होते. खाली रात्र होती आणि समुद्रावर मोठे गडगडाटी वादळ पेटले होते. स्थानकाच्या पृथ्वीकडच्या बाजूला 'क्युपोला' नावाचा सात काचांचा सज्जा आहे. डेन्मार्कचे पहिले अंतराळवीर आंद्रेआस मोगेनसेन यांनी तिथून कॅमेरा खाली रोखला होता. स्थानकावर पोचून त्यांना चारच दिवस झाले होते आणि चार दिवसांनी परत फिरायचे होते. त्यांनी १६० सेकंदांचे चित्रण केले.

डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील अंतराळ संस्थेच्या अभ्यासकांनी ते चित्रण बारकाईने तपासले. वादळातून वर आलेल्या ढगाच्या एका बुरुजाच्या माथ्यावर २४५ निळे लखलखाट मोजले गेले, म्हणजे मिनिटाला नव्वदहून जास्त. बहुतेक सगळे सुमारे १८ किलोमीटर उंचीवरचे आणि काही किलोमीटर पसरलेले. त्यांतला एक मात्र ढग सोडून निघाला आणि विझत-पेटत, ठोके पडावेत तसा, सुमारे ४० किलोमीटर उंचीपर्यंत चढत गेला.

अशा निळ्या विजा असतात हे तोवर माहीत होते. त्या क्वचित घडतात असाही समज होता. हे प्रकरण मांडावेसे वाटले ते या दुसऱ्या समजासाठी. 'क्वचित' ठरवले होते ते बहुतांशी जमिनीवरून पाहणाऱ्यांच्या नोंदींवरून, आणि जमीन ही निळी वीज पाहण्याची सर्वांत वाईट जागा आहे. २०१५ च्या त्या अडीच-पावणेतीन मिनिटांनी हे डोळ्यांसमोर आणून ठेवले.

ढगाच्या वर काय घडते

आपल्या ओळखीची वीज खाली कोसळते किंवा ढगातल्या ढगात कडाडते. तिच्यावर, ढगापासून आयनांबरापर्यंतच्या सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या पट्ट्यातही विद्युत विसर्जन होऊ शकेल, हे स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी १९२५ च्या सुमारास मांडले होते. विल्सन म्हणजे मेघकोठीचे, कणांच्या वाटा धुक्याच्या रेघांनी दाखवणाऱ्या उपकरणाचे जनक. त्यासाठी त्यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा तर्क साधा होता. ढगात साठलेल्या विद्युत भाराचा ताण वर जाताना कमी होत जातो हे खरे, पण हवा त्याहूनही झपाट्याने विरळ होते. हवा जितकी विरळ, तितक्या थोड्या ताणात ती आपला विद्युतरोध सोडून देते. म्हणजे बरेच वर कुठेतरी अशी उंची यायलाच हवी, जिथे उरलेला ताणही हवेला झेपणार नाही. तिथे हवा उजळेल.

हा तर्क कॅमेऱ्यात दिसायला ६४ वर्षे गेली. जुलै १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचे जॉन विंकलर आणि त्यांचे सहकारी रॉकेटवर बसवायचा अंधुक प्रकाशातला कॅमेरा तपासून पाहत होते. त्या चाचणीच्या फितीत दूरच्या वादळाच्या वर दोन उजेडाचे खांब सापडले, तेही निमिषभरासाठी. वैमानिकांनी अशा काही गोष्टी त्याआधीही पाहिल्या होत्या. पुरावा नसल्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन मिळाले नव्हते, याची मला खंत वाटते. त्या खांबांच्या जातीच्या लखलखाटांना पुढे 'रेड स्प्राइट' हे नाव रूढ झाले. ते साधारण सत्तर-ऐंशी किलोमीटर उंचीवर सुरू होतात आणि तिथून खाली झिरपतात. जमिनीवर एखादी दांडगी धनभारित वीज कोसळली की तिच्या मागोमाग हजारांश सेकंदांत ते उमटतात.

निळ्या जेटचे, म्हणजे विजेच्या निळ्या झोताचे, प्रकरण वेगळे आहे. तो खालून वर जातो, ढगाच्या माथ्यातूनच फुटतो. त्याची पद्धतशीर नोंद १९९४ च्या उन्हाळ्यात झाली. अलास्का विद्यापीठाचे युजीन वेस्कॉट, डेव्हिस सेंटमन आणि त्यांचा गट दोन विमानांतून अमेरिकेतल्या वादळांभोवती उडत होता. आर्कान्सा राज्यावरच्या एका वादळात सुमारे २२ मिनिटांत त्यांना पन्नासहून अधिक निळे जेट टिपता आले. कारंज्यासारखे वर रुंदावत जाणारे, सेकंदाला शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने चढणारे, चाळीस-पन्नास किलोमीटरवर विरून जाणारे. जे फार वर न जाता ढगाच्या माथ्याजवळच विझले त्यांना 'ब्लू स्टार्टर' म्हटले गेले. पुढे माथ्यावरच टिमटिमणारे, याहूनही लहान ठिपके दिसले. त्यांना 'पिक्सी' नाव मिळाले.

१९९४ ची ही नोंद वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. निळे जेट भरभरून सापडले ते विमानातून पाहिल्यावर. त्यानंतरची वीस वर्षे जमिनीवरच्या हौशी आणि व्यावसायिक निरीक्षकांनी स्प्राइटची छायाचित्रे ढिगाने जमवली. निळ्यांच्या नोंदी मात्र बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या. मग असे म्हणायचे का, की आर्कान्साचे ते एक वादळ अपवाद होते?

खालून निळे का दिसत नाही

स्प्राइट पाहणारा माणूस वादळाखाली उभा राहत नाही. वादळापासून दोनशे, तीनशे, कधी त्याहूनही जास्त किलोमीटर लांब, आकाश निरभ्र असेल अशा ठिकाणी तो कॅमेरा लावतो, कारण जवळ गेले तर ढगच सगळे झाकून टाकतो. इतक्या अंतरावरून सत्तर-ऐंशी किलोमीटर उंचीची गोष्ट क्षितिजाच्या बऱ्यापैकी वर दिसते. अठरा किलोमीटर उंचीची गोष्ट मात्र क्षितिजाला जवळपास टेकलेली असते. तिथून येणाऱ्या प्रकाशाला वातावरणाच्या सर्वांत दाट, धुळीच्या, दमट थरातून तिरके शेकडो किलोमीटर यावे लागते.

आणि हवा निळ्या रंगाला सरळ जाऊ देत नाही. दिवसा आकाश निळे दिसते आणि मावळता सूर्य तांबडा दिसतो, त्याचे कारण हेच: हवेचे रेणू निळा प्रकाश चहूकडे विखुरतात, तांबडा पुष्कळसा तसाच पुढे जाऊ देतात. रेड स्प्राइटचा तांबडा प्रकाश या वाटेवर तग धरतो. ढगमाथ्यावरचा निळा वाटेतच विखुरला जातो. त्यात भर म्हणजे गडगडाटी ढगाचा ऐरणीसारखा पसरलेला माथा बहुधा मध्ये येतोच. आपण इमारतीच्या पायथ्याशी उभे राहून गच्चीवरच्या पणत्या मोजाव्यात, तसा हा प्रकार आहे.

वरून पाहणारे उपग्रह होतेच की, असे कुणी म्हणेल. होते. तैवानच्या फॉर्मोसॅट-२ या २००४ साली सोडलेल्या उपग्रहावर 'आयसुअल' नावाचे उपकरण याच कामासाठी होते आणि त्याने फार मोलाचे काम केले. पण तो उपग्रह ८९१ किलोमीटर उंचीवर होता आणि उपकरण क्षितिजाकडे, पृथ्वीच्या कडेकडे रोखलेले होते. वादळे त्याला हजारो किलोमीटरवरून बाजूने दिसत. स्प्राइट आणि शेकडो किलोमीटर रुंदीच्या, 'एल्व्ह' नावाच्या प्रकाशकड्या यांसाठी ते उत्तम. ढगमाथ्यावरच्या दोन-चार किलोमीटरच्या निळ्या चकाकीचा आकार-उकार कळायला मात्र फार दूर. अंतराळ स्थानक ४०० किलोमीटरवरून जाते. बरीच जवळची जागा, शिवाय खिडकीत माणूस.

'थॉर'ची तयारी

मोगेनसेन यांची मोहीम दहा दिवसांची होती. २ सप्टेंबर २०१५ रोजी बैकानूरहून सोयुझ यानातून निघाले. सोबत रशियाचे सर्गेई वोल्कोव्ह आणि कझाकस्तानचे आयदिन आयिम्बेतोव्ह. ४ तारखेला स्थानकावर पोचले तेव्हा तिथे एकूण नऊ माणसे झाली. १२ तारखेला परत. इतक्या थोड्या दिवसांत प्रयोगांची मोठी यादी उरकायची होती आणि त्यात हा एक होता: 'थॉर', नॉर्वे-डेन्मार्ककडच्या पुराणकथांतल्या मेघगर्जनेच्या देवाचे नाव. ऑलिव्हिए शांरियों आणि टॉर्स्टन नॉयबर्ट या डेन्मार्कमधील संशोधकांचा तो प्रयोग.

या प्रयोगासाठी पृथ्वीवरून कोणतेही खास यंत्र पाठवले गेले नाही. स्थानकावर जे कॅमेरे होते, त्यांतला अंधारात सर्वाधिक पाहू शकणारा कॅमेरा वापरायचा होता आणि ढगांच्या थव्यातून वर डोकावणारे बुरुज शोधून त्यांच्यावर तो धरायचा होता. प्रयोगाचे खरे भांडवल या सूचनेत होते. वादळ पाहणाऱ्याचा डोळा नैसर्गिकपणे जिथे जास्त प्रकाश तिथे जातो, म्हणजे ढगाच्या पोटात चमकणाऱ्या मोठ्या पांढऱ्या विजांकडे. इथे मात्र मुद्दाम त्या झगमगाटाच्या कडेला, उंच चढलेल्या माथ्याकडे पाहायचे होते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट रंग. चित्रण रंगीत होते. काळ्या-पांढऱ्या संवेदनशील कॅमेऱ्यात ढगातली वीज आणि ढगमाथ्यावरचे विसर्जन दोन्ही उजळ डाग म्हणूनच आले असते. रंगीत चौकटींत ढगाआडून येणारा पांढुरका-पिवळसर उजेड आणि माथ्यावरची गर्द निळी चकाकी वेगळी काढता आली. मोजणी शक्य झाली ती त्यामुळे.

बंगालचा उपसागर ही जागा या कामासाठी किती योग्य होती, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. सप्टेंबरात तिथले पाणी कोमट असते, हवा बाष्पाने जड असते आणि मोसमी वाऱ्यांचे कमी दाबाचे पट्टे तिथेच जन्मतात. विदर्भ-मराठवाड्याचा पाऊस पुष्कळदा याच पट्ट्यांच्या भरवशावर असतो. २०१५ हे मराठवाड्यासाठी सलग दुसरे दुष्काळी वर्ष होते. म्हणजे ज्या सप्टेंबरात इथला शेतकरी पूर्वेकडून काही सरकते आहे का, हे रोज पाहत होता, त्याच सप्टेंबरात त्या उपसागरावरच्या ढगांचा माथा कोणीतरी वरून टिपत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी कार्यकारण संबंध नाही. तरी हे प्रकरण वाचताना ते वर्ष मनातून जात नाही.

माथ्यावर ठिणग्या का उडतात

उंच ढगात भार कसा वेगळा होतो, इथून सुरुवात करावी लागते. ढगाच्या मधल्या, शून्याखालच्या तापमानाच्या भागात गारेच्या जातीचे भुसभुशीत, जडसर कण आणि बर्फाचे हलके स्फटिक एकमेकांवर आपटत असतात. या टकरींत साधारणपणे जड कणांवर ऋणभार येतो आणि हलक्या स्फटिकांवर धनभार. वर जाणारा वारा हलक्यांना उचलून माथ्याकडे नेतो, जड मागे राहतात. अशा रीतीने ढगाच्या मधोमध ऋणभाराचा आणि वरच्या भागात धनभाराचा साठा तयार होतो.

इथवरची गोष्ट शाळेच्या पुस्तकातही असते. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो, आणि निळ्या विजेसाठी तोच महत्त्वाचा. ढगाबाहेरची हवा अगदी थोडी विद्युतवाहक असते. वरच्या धनभाराच्या ओढीने बाहेरचे ऋण आयन ढगाच्या पृष्ठभागाकडे खेचले जातात आणि तिथे पातळ थर धरून बसतात. या थराला आवरण-थर म्हणू. एरवी तो आतल्या धनभाराला बाहेरून झाकून टाकतो. पण ढगातला वर जाणारा झोत फार जोरकस असेल तर धनभाराचा साठा वरवर रेटला जातो आणि ऋण आवरणाच्या अगदी जवळ येऊन ठेपतो. मध्ये उरतो थोडासा फासला, आणि त्या उंचीवरची हवा समुद्रसपाटीच्या एक दशांश घनतेची. ठिणगी पडायला आणखी काय हवे? या दोन थरांत विसर्जन सुरू होते आणि कधी कधी ते आवरण भेदून वर निसटते. पॉल क्रेबिएल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये निळ्या जेटच्या जन्माचे हेच चित्र मांडले होते. बंगालच्या उपसागरावरच्या बुरुजाला ते चपखल बसते: शेकडो वेळा ठिणगी माथ्यावरच पडून विझली, एकदा वाट मिळाली आणि ती चाळीस किलोमीटरपर्यंत गेली.

उष्ण कटिबंधातल्या ढगांना यात मोठा फायदा आहे. तपांबर संपून स्थितांबर सुरू होते ती सीमा, तपस्तब्धी, आपल्याकडे साधारण सोळा ते अठरा किलोमीटरवर असते. ध्रुवांकडे ती याच्या निम्म्या उंचीपर्यंत खाली येते. ढग सहसा या सीमेला टेकून आडवा पसरतो. झोत फारच जोरात असेल तर माथ्याचा काही भाग उसळून सीमा ओलांडतो. ढग जितका उंच तितकी वरची हवा विरळ, आणि ठिणगीला पुढे जायला तितके सोपे.

रंगाचे कारण

निळा रंग हा काही योगायोग नाही, आणि मला स्वतःला या प्रकरणातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो. प्रकाश दोन्हीकडे नायट्रोजनचाच असतो, स्प्राइटमध्येही आणि निळ्या जेटमध्येही. विद्युतक्षेत्राने वेग दिलेले इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या रेणूंवर आपटतात, रेणू उत्तेजित होतात आणि मग तो जास्तीचा ऐवज प्रकाशाच्या रूपाने टाकून देतात. पण कोणती उत्तेजित अवस्था किती वेळ टिकते, यात मोठा फरक आहे. तांबडा प्रकाश देणारी अवस्था काही दशलक्षांश सेकंद टिकते. निळा आणि जंबुपार प्रकाश देणारी अवस्था ४० अब्जांश सेकंदांच्या आसपास, म्हणजे तिच्याहून शंभराहून अधिक पटींनी कमी वेळ टिकते.

आता दोन उंचींवरची गर्दी पाहा. पंचाहत्तर किलोमीटरवर हवा समुद्रसपाटीच्या तीस हजारांश भागाइतकी विरळ असते. तिथे उत्तेजित रेणूला दुसरा रेणू भेटायला वेळ लागतो; तांबडा प्रकाश निवांतपणे बाहेर पडतो. अठरा किलोमीटरवर मात्र गर्दी आहे. तांबड्या अवस्थेतला रेणू प्रकाश टाकायच्या आधीच दुसऱ्यावर आपटतो आणि ऐवज तिथेच जिरून जातो. निळ्या अवस्थेतला रेणू इतक्या चटकन मोकळा होतो की या गर्दीतही निदान काहींचा प्रकाश टक्कर व्हायच्या आत निघून गेलेला असतो. म्हणून वरचे तांबडे, खालचे निळे. रंग पाहूनच उंचीचा अंदाज बांधता यावा, इतका हा नियम चोख आहे.

मग ढगातली नेहमीची वीज पांढरी का? कारण तिचा मार्ग तापतो. सूर्याच्या पृष्ठभागाच्या कित्येक पट तापमानाला पोचलेली हवा सगळ्याच रंगांत जळजळीत उजळते. निळ्या विसर्जनातली हवा फारशी तापलेली नसते. ते थंड, तंतुमय विसर्जनांचे जुडगे असते. निळा रंग शुद्ध दिसला, याचा अर्थच असा की माथ्यावर जे घडत होते ते मुख्यतः या थंड जातीचे होते. एका चित्रफितीतल्या रंगातून एवढे वाचता येते.

एवढ्यावरून किती म्हणता येते

इथे थोडे जपून बोलायला हवे. ही एका वादळाच्या एका बुरुजाची, एका फेरीतली गोष्ट आहे. १६० सेकंदांत स्थानक सुमारे १,२०० किलोमीटर पुढे गेले. तेवढ्या वेळात तो बुरुज नजरेच्या टप्प्यात राहिला. त्याच्या आधी आणि नंतर तो काय करत होता, ते या चित्रणात नाही. मिनिटाला नव्वद हा आकडा घेऊन जगभरच्या वादळांना गुणायला सुरुवात करणे चुकीचे ठरेल. उंचीच्या आकड्यांमागचे 'सुमारे'ही गंभीरपणे घ्यावे, कारण एकाच जागेवरून घेतलेल्या चित्रात उंची थेट मोजता येत नाही, भूमितीने काढावी लागते.

चौकटींचा वेग हा आणखी एक अडसर. साध्या व्हिडिओत सेकंदाला वीस-तीस चौकटी असतात, आणि निळा लखलखाट त्यांतल्या एखाद-दुसऱ्या चौकटीतच संपतो. तो आत कसा वाढला, आधी ढगात वीज चमकली की आधी माथ्यावर, एका लखलखाटात किती उपलखलखाट होते, हे प्रश्न या चित्रणाला विचारता येत नाहीत.

तरीही एक गोष्ट ठामपणे सांगता येते. विमानातून पाहिले तेव्हा भरपूर दिसले, स्थानकावरून पाहिले तेव्हाही भरपूर दिसले. दोन वेगळे खंड, दोन वेगळ्या प्रकारची वादळे, एकवीस वर्षांचे अंतर. निळ्या विसर्जनांचे दुर्मीळपण निदान काही अंशी आपल्या उभे राहण्याच्या जागेतून आलेले होते, हा निष्कर्ष मला टाळता येत नाही.

आणि ते वारंवार घडत असेल तर त्याचे परिणामही निराळ्या मापाने पाहावे लागतात. उष्ण कटिबंधातली तपस्तब्धी ही खालची हवा स्थितांबरात शिरण्याचे मुख्य दार आहे. त्याच दारात, आणि त्याच्यावर ओझोनच्या थरापर्यंत, विद्युत विसर्जन होत असेल तर तिथे नायट्रोजनची ऑक्साइडे थेट तयार होतात. त्यांतली काही ओझोनच्या साखळीत भाग घेतात, नायट्रस ऑक्साइड तर हरितगृह वायूच आहे. खालून वर वाहत जाण्यासाठी थांबावे न लागता ही रसायने जागच्या जागी जन्मतात. जानेवारी २०१७ च्या सुमारास 'जिओफिजिकल रिसर्च लेटर्स' या नियतकालिकात हा अभ्यास आला, तेव्हा त्याच्या लेखकांनी रसायनाचा हाच धागा पुढे धरला होता. त्याचा जागतिक हिशेब मांडायला अनेक वर्षांची, अनेक वादळांची मोजणी लागते.

पुढचे पाऊल

ती मोजणी सुरू झाली. २ एप्रिल २०१८ रोजी 'असिम' हे उपकरण स्थानकाकडे निघाले आणि युरोपच्या कोलंबस कक्षाच्या बाहेर बसवले गेले. हेही नॉयबर्ट यांच्याच नेतृत्वाखालचे. त्यात कॅमेऱ्यांबरोबर तीन ठरावीक रंगांत सेकंदाला एक लाख वेळा उजेड मोजणारे प्रकाशमापक होते, आणि रोख सरळ खाली होता. मोगेनसेन यांच्या चित्रणाला जे विचारता येत नव्हते ते प्रश्न आता विचारता आले. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रशांत महासागरात नाउरू बेटाजवळच्या वादळात या उपकरणाने प्रत्येकी सुमारे १० दशलक्षांश सेकंदांचे पाच अतितीव्र निळे लखलखाट नोंदले. त्यांतल्या एकापासून ठोके देणारा निळा जेट निघाला आणि तो ५२ किलोमीटरपर्यंत चढला. २०२१ च्या जानेवारीत हे 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. उपसागरावर दिसलेल्या त्या ठोके देणाऱ्या जेटची सुरुवात कशी होत असेल, याचे हे सर्वांत बारकाईचे दर्शन.

आपल्याकडेही या विषयावर काम झाले आहे, आणि त्याची मराठी वाचकाला ओळख कमी आहे. पनवेलला मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अलाहाबाद (आताचे प्रयागराज) येथील प्रयोगशाळेने भारतीय उपखंडातून अशा क्षणिक प्रकाशघटनांचे पहिले निरीक्षण केल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्थेचा वारसा कुलाबा आणि अलिबागच्या वेधशाळांपर्यंत मागे जातो. पूर्वमोसमी वळवाच्या दिवसांत सह्याद्रीच्या एखाद्या अंधाऱ्या, मोकळ्या कड्यावरून दूरवरच्या वादळाच्या वरच्या आकाशाकडे कॅमेरा लावून बसणाऱ्याला रेड स्प्राइट मिळण्याची आशा धरता येईल. वादळ लांब हवे, डोक्यावर तारे दिसायला हवेत, आणि चौकटीत ढग तळाशी ठेवून वरची मोकळी जागा भरपूर सोडायला हवी. निळ्यासाठी मात्र उंचीला पर्याय नाही.

मोगेनसेन स्वतः २६ ऑगस्ट २०२३ ला पुन्हा स्थानकाकडे निघाले. या वेळी दहा दिवसांसाठी नव्हे, मार्च २०२४ पर्यंत राहायला, आणि त्यांतला बराच काळ स्थानकाचे प्रमुख म्हणून. प्रयोगाचे नाव होते 'थॉर-डेव्हिस'. त्याच सज्जात, त्याच काचांपाशी त्यांनी या वेळी वेगळ्या जातीचा कॅमेरा धरला. नेहमीच्या कॅमेऱ्यासारखा तो एकामागून एक पूर्ण चौकटी भरत नाही. त्याचा प्रत्येक ठिपका आपल्यापुरता जागा असतो, समोरचा उजेड बदलला तेवढ्याच क्षणी कळवतो, एरवी गप्प राहतो. काळ्या ढगाच्या काळ्या माथ्यावर सेकंदाच्या बारीकशा तुकड्यात पेटून विझणाऱ्या गोष्टीसाठी असाच पहारा हवा होता.